मॉरिशसला पहिल्यांदा जाताना: आधी किनारा, मग हॉटेल

मॉरिशस बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५ किलोमीटर. एवढ्याशा बेटावर कुठेही राहिलं तरी काय बिघडतं, असं समजून बरेच जण ज्या हॉटेलवर सूट मिळेल ते घेऊन टाकतात. बिघडतं ते असं: जुलैत पूर्व किनाऱ्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत गार वारा कानाशी भणभणत असतो, आणि त्याच वेळी तासभर अंतरावरच्या पश्चिम किनाऱ्यावर लोक निवांत पोहत असतात. म्हणून तयारीचा क्रम असा ठेवा: महिना, मग किनारा, मग हॉटेल, आणि शेवटी फिरण्याचा आराखडा.

महिना कुठला?

बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, मे ते ऑक्टोबर हिवाळा. हिवाळा म्हणजे किनाऱ्यावर दिवसा २४-२५ अंश आणि रात्री पातळ स्वेटर पुरेल इतका गारवा. मुलांच्या शाळा सांभाळून जाणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. मे महिन्याची सुट्टी चांगली: पाऊस ओसरलेला, पाणी अजून कोमट. दिवाळीची सुट्टी त्याहून चांगली, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा पडलेला असतो आणि उकाडा सुरू व्हायचा असतो. नाताळात युरोपातले पाहुणे लोटतात, दर सगळ्यात चढे असतात आणि हवाही दमट. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा मुख्य काळ. जाऊ नका असं नाही, दर उतरलेले असतात; पण एक-दोन दिवस खोलीत बसायची तयारी आणि प्रवास विमा हवाच.

हिवाळ्यात दिवस लहान असतो हे लोक विसरतात. जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. "संध्याकाळी सहाला समुद्रावर जाऊ" हा आपला बेत तिथे अंधारात पोचतो.

किनारा कुठला?

उत्तर: ग्रां बे, पेरेबेर, त्रू ओ बिश, मों श्वाझी. दुकानं, खाणावळी, बोटी, रात्रीची वर्दळ, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. गाडी चालवायची नसेल तर हीच बाजू घ्या. त्रू ओ बिशची वाळू मऊ आणि पाणी उथळ, लहान मुलांना उत्तम.

पश्चिम: फ्लिक आं फ्लाक, तामारां, ल मॉर्न. बेटाचा सगळ्यात कोरडा भाग, वाऱ्याच्या आडोशाला. मे ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी डोळे मिटून पश्चिम धरावी. सूर्यास्तही इथलाच. अपवाद ल मॉर्नच्या टोकाचा: तिथे वारा भरपूर, म्हणून तर पतंग लावून लाटांवर फिरणारे तिथे जमतात.

पूर्व: बेल मार आणि आसपास. सर्वात सुंदर वाळू आणि मोठाली रिसॉर्ट, पण हिवाळ्यात वारा आणि बाहेर खायला कमी जागा. ऑक्टोबर ते एप्रिल उत्तम.

दक्षिण-पूर्व: ब्लू बे आणि माएबूर. विमानतळापासून पंधरा-वीस मिनिटं. पहिली किंवा शेवटची रात्र इथे काढावी. ब्लू बेमध्ये संरक्षित सागरी उद्यान आहे आणि पाण्याखालचं प्रवाळ पाहायचं तर इथेच.

मधलं पठार (क्यूरपिप, वाकोआ) राहायला स्वस्त पडतं, पण ते चारशे ते साडेपाचशे मीटर उंचीवर, किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंश थंड आणि वारंवार पावसाचं. समुद्रासाठी आलेल्यांनी तिथे मुक्काम करू नये.

किनारा ठरला की हॉटेलचे फोटो बघण्याआधी उपग्रह नकाशावर त्याच्या समोरचं पाणी बघा. फिकट निळा पट्टा म्हणजे वाळूचा तळ, पोहायला बरा. काठाशीच गडद ठिगळं दिसली तर तिथे समुद्री गवत किंवा खडक आहे. भरती-ओहोटीचा फरक एक मीटरही नसला तरी अशा उथळ जागी ओहोटीला गुडघाभर पाण्यात चालण्यापलीकडे काही करता येत नाही. जाहिरातीतला "खासगी बीच" हा शब्दही मनावर घेऊ नका. मॉरिशसमध्ये भरतीरेषेपर्यंतचा किनारा सार्वजनिक असतो. हॉटेलच्या खुर्च्या हॉटेलच्या, वाळू सगळ्यांची.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पर्यटकांना पोचल्यावर मोफत व्हिसा मिळतो. काउंटरवर विचारतात त्या गोष्टी ठरलेल्या: परतीचं पक्कं तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि खर्चाला पुरेसे पैसे. तीनही गोष्टी कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं पत्र, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर हवा. नुसतं "मामांकडे" चालत नाही. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने शिल्लक असलेली बरी.

निघण्याआधी तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर आगमनाचा डिजिटल फॉर्म भरायचा असतो. प्रत्येक प्रवाशाचा वेगळा, लहान मुलांचाही. तो मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर ते सरकारी नव्हे. आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशातून येत असाल तर लशीचा दाखला सोबत लागतो, थेट मुंबईहून येणाऱ्यांना नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पर्यटकांना मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीला माणशी ३ युरो शुल्क आहे. बारा वर्षांखालच्यांना माफ. खोलीच्या दरात ते धरलंय का, हे बुकिंग करतानाच विचारा, म्हणजे निघताना काउंटरवर हुज्जत होत नाही.

बॅगेत काय नको

ही यादी जास्त महत्त्वाची. ई-सिगारेटला बंदी आहे. अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत, आणि झोपेच्या गोळ्या, कोडीनवाली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं यांच्यावरही नियंत्रण आहे. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ वेष्टण दोन्ही घ्या, सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका. ताजी फळं, रोपं, बिया यांना परवाना लागतो. मे महिन्यात जाताना भाच्यांसाठी हापूसची पेटी घेतली तर ती विमानतळावरच राहील. सीलबंद लोणचं, चिवडा, भाकरवडीला सहसा कुणी हरकत घेत नाही. विचारलं तर सरळ सांगा, लपवू नका.

बॅगेत हवं ते: रबरी तळव्याचे पाण्यात घालायचे बूट, डास पळवायचं मलम (मलेरिया नाही, पण डेंग्यू आणि चिकनगुनिया आहेत), पठारासाठी पातळ जाकीट, आणि विजेचा अडॅप्टर. दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, पण सॉकेट ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचे किंवा युरोपी दोन पिनांचे. आपल्या फोनचा दोन पिनी चार्जर बहुधा बसतो, इस्त्रीची जाड तीन पिन बसत नाही.

पैसे

चलन मॉरिशसचा रुपया. एक त्यांचा म्हणजे आपले दोनाच्या थोडे आत. भारतातून मॉरिशस रुपये घेऊन जाऊ नका, दर वाईट मिळतो. डॉलर किंवा युरो न्या आणि विमानतळावरच्या बँकांच्या काउंटरवर थोडे बदला, बाकीचे गावात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे सुरू झालं आहे, पण त्याच्यावर विसंबून रिकाम्या खिशाने जाऊ नये: प्रत्येक दुकानात ते चालत नाही, आणि तुमच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करावे लागतात. ते काम भारतात असतानाच उरका. बस, ठेले आणि बाजार या ठिकाणी रोखच लागते. २०००ची नोट घेऊन बसमध्ये चढलात तर कंडक्टरचा चेहरा आपल्या एसटीतल्यासारखाच होतो. १००च्या आणि २५-५०च्या नोटा सुट्या ठेवा.

विमानतळावरून पुढे

विमानतळ बेटाच्या दक्षिण-पूर्व कोपऱ्यात, प्लेन मान्यांला आहे. ब्लू बे जवळ. फ्लिक आं फ्लाक आणि बेल मार साधारण तासभर. ग्रां बे सव्वा तास, आणि पोर्ट लुईच्या गर्दीत सापडलात तर दोन तास. मेट्रो विमानतळापर्यंत येत नाही. बस आहे, पण ती संध्याकाळी लवकर बंद होते आणि मोठ्या बॅगांना तीत जागा नसते.

१. बाहेर पडण्याआधीच सिमकार्ड घ्या. पासपोर्ट दाखवावा लागतो. माय.टी आणि एमटेल हे मुख्य पर्याय.

२. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. मीटर लावायची पद्धत नाही. ओला-उबर नाही. भाडं गाडीचं की माणशी, आणि सामानासकट का, हे तीन प्रश्न विचारून मगच दार उघडा.

३. हॉटेलकडून गाडी मागवली तर थोडी महाग पडते, पण रात्री उतरणाऱ्यांनी तीच घ्यावी.

बेटावर फिरताना

गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्याला भाड्याची गाडी सोपी. भारतातला परवाना आणि जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना न्या. बऱ्याच कंपन्या २३ वर्षांखालच्यांना गाडी देत नाहीत. भाड्याच्या अधिकृत गाडीला पिवळी नंबरप्लेट असते. कुणी साध्या प्लेटची गाडी स्वस्तात देऊ केली तर ती बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा शून्य.

चालवताना तीन गोष्टींत आपली माणसं अडकतात. पहिली, मोठाले वर्तुळाकार चौक: आत फिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, नाक खुपसायचं नाही. दुसरी, वेगाचे कॅमेरे. महामार्गावर मर्यादा जास्तीत जास्त ११०, आणि गावात शिरताच ती एकदम खाली येते. तिसरी, उसाच्या शेतांमधले अरुंद रस्ते, ज्यांना पदपथ नसतो आणि अंधारात लोक कडेने चालत असतात. पेट्रोलचा भाव सरकार ठरवतं, सगळीकडे एकच, त्यामुळे पंप शोधत फिरू नका. पोर्ट लुईत पार्किंगची कुपनं लागतात, ती पेट्रोल पंपावर मिळतात.

गाडी नको असेल तर बसचं जाळं चांगलं आहे. पोर्ट लुईत दोन मोठी स्थानकं: उत्तरेकडच्या बस इमिग्रेशन स्क्वेअरमधून, दक्षिण आणि पठाराकडच्या व्हिक्टोरिया स्थानकातून. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवा, तपासनीस खरंच येतो. गावाकडच्या शेवटच्या बस सायंकाळी सहा-साडेसहाला सुटतात. परतीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून घ्या. मेट्रो पोर्ट लुई ते क्यूरपिप धावते. रोझ हिल, क्वात्र बोर्न अशी पठारावरची गावं तिने पटकन जोडली जातात. समुद्रकिनाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

समुद्रात उतरताना

बहुतेक बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आतलं पाणी तळ्यासारखं शांत. याच शांतपणामुळे लोक बेसावध होतात. भिंतीत जागोजागी खिंडी आहेत, स्थानिक त्यांना "पास" म्हणतात. आतलं पाणी त्यांतून बाहेर ओढलं जातं, विशेषतः भरती उतरताना. जिथे लाटांची पांढरी रेघ तुटलेली दिसते, तिथे पास आहे. त्या दिशेला पोहत जाऊ नका. दक्षिणेला ग्री ग्रीच्या आसपास भिंतच नाही. कडे, फेस, गर्जना सगळं बघण्यासारखं, पण पाण्यात पाय घालायचा नाही.

पाण्यातले बूट कशासाठी, तर "लाफ" नावाच्या माशासाठी. हा दगडासारखा दिसणारा मासा तळाशी निपचित पडलेला असतो आणि त्याच्या पाठीवर विषारी काटे असतात. काटा घुसला तर वेदना असह्य होतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि थेट रुग्णालय गाठायचं. रुग्णवाहिका ११४, पोलीस ९९९, अग्निशमन ११५. समुद्री साळिंदराचे काटे त्या मानाने किरकोळ, पण सुट्टीचे दोन दिवस खातात. प्रवाळावर उभं राहू नका, आणि शंख-प्रवाळ उचलून आणणं गुन्हा आहे, वाळूत पडलेले असले तरी.

बोटीची सहल किनाऱ्यावर फिरणाऱ्या दलालाकडून घेताना बोटवाल्याचा पर्यटन प्राधिकरणाचा परवाना दाखवायला सांगा आणि लाइफ जॅकेट मोजा. इल ओ सेर्फ या छोट्या बेटावर जायला त्रू दो दूसमधून बोटी सुटतात, पंधरा-वीस मिनिटांत पोचतात. पहिल्या बोटीने गेलात तर दहा-साडेदहापर्यंत बेट तुमचं. त्यानंतर मोठ्या बोटी येतात, संगीत लागतं, कोळशावर मासे भाजायला सुरुवात होते.

खाणं

हॉटेलात तीन वेळचं जेवण आधीच घेऊन टाकू नका. नाश्ता आणि रात्रीचं पुरे. दुपारी ठेल्यावर जे मिळतं ते हॉटेलात मिळत नाही. धोल पुरी तर खाल्लीच पाहिजे: चण्यासारखी पिवळी डाळ शिजवून, कोरडी वाटून, हळद-जिरं घालून पुरणपोळीसारखी आत भरून लाटलेली, पण खारी आणि मलमलीसारखी मऊ. विकणारा नेहमी जोडी देतो. काचेच्या पेटीतून दोन पुऱ्या कागदावर पसरतो, त्यावर मोठ्या पांढऱ्या वालांची कढण, टोमॅटोचं रुगाय नावाचं कालवण, हिरवी चटणी, आणि मग वर बघून विचारतो, "पिमां?" म्हणजे मिरची घालू का. त्यांची मिरची कोल्हापूरकरांनीही आधी चाखून बघावी. नको असेल तर "पा पिमां". गुंडाळी हातात येते तेव्हा खालचं टोक कागदासकट धरा, नाहीतर रस कोपरापर्यंत येतो. शंभराच्या नोटेत दोघांचं पोट भागतं.

गातो पिमां म्हणजे डाळवड्याचं चुलत भावंड, पावात घालून सकाळी खातात. आलूदा म्हणजे फालुद्याचा दुधाळ अवतार, पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात घ्या.

शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं: धोल पुरी, फराता (आपला पराठा) आणि गातो पिमां बहुधा निर्धोक. तळलेल्या नूडल्सवर, म्हणजे "मीन फ्री"वर, भाज्याच दिसल्या तरी ऑयस्टर किंवा माशाचा सॉस असतो. रुगायमध्ये कधी खारवलेला मासा टाकतात. "मो पा मांज व्यान, पा मांज प्वासों, पा मांज दिझेफ" (मांस, मासे, अंडी खात नाही) असं तिन्ही वेगळं सांगा. नुसतं "व्हेज" म्हटलं तर मासा ताटात येऊ शकतो. एरवी लोक आपसात क्रिओल बोलतात, फ्रेंच सगळ्यांना येतं, इंग्रजी कार्यालयांत आणि हॉटेलांत चालतं. जुन्या लोकांना हिंदी-भोजपुरीही कळते.

दिशा धरून फिरा

सहा रात्री असतील तर एका दिवसाला एक दिशा, एवढाच नियम. सकाळी उत्तर आणि दुपारी दक्षिण असं केलं की चार तास गाडीत जातात.

पोर्ट लुई कामाच्या दिवशी करा, रविवारी शहर ओस पडतं. सकाळी बाजार, मग आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आणलेले मजूर उतरवले जायचे तो धक्का. २ नोव्हेंबर १८३४ रोजी "अ‍ॅटलस" जहाजातून ३६ भारतीय मजूर उतरले आणि करारबद्ध मजुरीची सुरुवात झाली, आणि पुढे साडेचार लाखांवर माणसं इथे आणली गेली. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकण आणि साताऱ्याकडची मंडळी होती. वीस-पंचवीस मिनिटांत बघून होईल एवढी जागा छोटी आहे, पण तिथलं प्रदर्शन वाचायला तासभर ठेवा. प्रवेश मोफत. जवळच कोदां धक्क्यावर ब्लू पेनी संग्रहालय: १८४७ची दोन टपाल तिकिटं, एक लाल आणि एक निळं. मूळ तिकिटांवर दिवा तासातून दहाच मिनिटं लागतो, एरवी प्रतिकृती दिसतात. आत शिरतानाच पुढची वेळ विचारा.

दक्षिण-पश्चिमेचा दिवस भरगच्च: ल मॉर्न, शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती, ब्लॅक रिव्हर घळींचं राष्ट्रीय उद्यान, गंगा तलाव. ल मॉर्नचा डोंगर ५५६ मीटर. गुलामीतून पळालेल्यांनी आसरा घेतलेला हा कडा २००८ पासून जागतिक वारसा आहे. चढायचं असेल तर पहाटे, आणि त्या दिवशी दुसरं काही नको. पहिला निम्मा रस्ता रुंद आणि सोपा, लहान मुलांसह जमतो. पहिल्या खिंडीतून दिसणाऱ्या देखाव्यावर समाधान मानून परतणं अजिबात कमीपणाचं नाही. पुढे हातापायांनी चढायचा बेसॉल्टचा काळा कातळ आहे आणि शिंतोड्यानेही तो निसरडा होतो. तिथे वाटाड्या घ्या. शामारेलची माती उन्हात रंग दाखवते, ढगाळ दिवशी निराशा होते. गंगा तलावाला महाशिवरात्रीच्या दिवसांत लाखो लोक पायी निघतात आणि रस्ते बंद असतात. भाविक असाल तर नेमके तेव्हा जा, नसाल तर तो आठवडा टाळा.

उत्तरेला पांप्लमूसची बाग आणि राक्षसी कमळपानं, अर्ध्या दिवसाचं काम.

गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी कुटुंबांचे गणपती समुद्रात विसर्जनाला निघतात. घरात क्रिओल बोलणाऱ्यांच्या तोंडी आरती मात्र आपलीच. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. घराण्यातलं कोणी तिकडे गेल्याची कुणकुण असेल तर नाव, गाव आणि अंदाजे साल घेऊन आधी लिहून विचारा, थेट जाऊन धडकू नका.

वादळाचा इशारा आला तर

इशारे चार वर्गांत येतात. पहिला वर्ग म्हणजे सावध राहा, तेव्हाच पाणी, सुकं खाणं, रोख आणि पूर्ण चार्ज केलेले फोन तयार ठेवा आणि विमान कंपनीचे संदेश बघत राहा. दुसऱ्यात लांबच्या सहली रद्द करून मुक्कामी परता. तिसरा लागला की वाहतूक आणि दुकानं बंद होतात, हॉटेलातून बाहेर पडायचं नाही. चौथा म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत येऊन पोचलेत. मधेच वारा एकदम थांबला, ऊन पडलं, तर ते वादळाचं केंद्र असू शकतं. वारा उलट दिशेने परत येतो. मुसळधार पावसाचा इशारा वेगळा असतो आणि तोही तितकाच गंभीर घ्या. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या होत्या.

परतताना

व्हॅनिला चहा, ऊस-साखर आणि रम या तीनच गोष्टी आणण्यासारख्या. चहा आणि साखर सुपरमार्केटमध्ये घ्या, विमानतळावर तेच पाकीट महाग मिळतं. रमची बाटली सुरक्षा तपासणीनंतरच्या दुकानातून घ्यावी, आणि मुंबईत माणशी दोन लिटरच चालतात. उरलेले मॉरिशस रुपये विमानतळावरच बदला, भारतात त्यांना कुणी विचारत नाही. आणि गाडी परत करायची असेल तर टाकी जितकी भरलेली मिळाली होती तितकी भरून, सगळ्या बाजूंचे फोटो काढून, विमानाच्या साडेतीन तास आधी पोचा.